लहान ठिपका, मोठा ठिपका

त्रिएस्तेच्या गोदीत कच्च्या कॉफीची पोती उतरतात.
मी दाणे निवडते, बावीस वर्षं झाली.
खडा, किडका, आंबलेला:
डोळ्यांआधी बोटांना कळतं.
मग चमचा. सुर्रकन ओढायचं, जिभेवर फिरवायचं, थुंकायचं.
दिवसाला साठ कप, पोटात एकही नाही,
असं मी डॉक्टर बेंचिचना सांगितलं.
त्या हसल्या. "मग कॉफी सोडा असं कुठल्या तोंडानं सांगू?
तशी खात्री कुणालाच नाही.
काहींना बरं वाटतं, काहींना काही फरक नाही.
करून बघा."

करून बघितलं. सहा आठवडे.
नुसतं डोकं दुखलं.
बारवाल्या लिव्हियोनं दोनदा विचारलं,
निव्हेस, घरी सगळं ठीक ना?

पाळीआधीचे दहा दिवस
छाती माझी राहत नाही.
कुणीतरी ओली वाळू आणून ठेवतं, दोन्हीकडे,
पुन्हा न्यायला येईन म्हणतं.
जिना उतरताना हात आपोआप वर येतात.
बोरा सुटतो तेव्हा बरं,
डोंगरावरून समुद्रावर कोसळणारा आमचा वारा.
सगळं शहर छातीशी हात आवळून चालतं,
टोपी, छत्री, इभ्रत सांभाळत.
तेवढेच दिवस मी चारचौघींसारखी दिसते.

उपाय म्हणाल तर एवढेच:
रात्रीसुद्धा घालायची एक मऊ, बिनतारेची ब्रा,
चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा नीट माप देऊन घेतलेली.
चेरीच्या बियांची पिशवी, ओव्हनमध्ये तापवून,
तिला जुन्या लाकडाचा वास येतो.
फ्रिजवर कॅलेंडर, दोऱ्याला बांधलेली पेन्सिल.
लहान ठिपका म्हणजे जाणवतंय.
मोठा म्हणजे नको.
हे मी कुणाला समजावलं नव्हतं.
पण आलेन्का, तेरा वर्षांची,
मोठ्या ठिपक्यांच्या दिवशी
मागून येते
आणि पाठीला मिठी मारते.

पाळी संपली की आंघोळीत एकदा,
दाणे निवडायचीच बोटं.
ही सरकते. ही जुनी, हिची ओळख आहे.
इथे नुसतं जुन्या उशीसारखं गुठळ्या-गुठळ्यांचं.
ही मागे वाटाण्याएवढी होती, आता द्राक्ष.

मार्चमध्ये एक गेली नाही.
पाळी आली, गेली, वारा पडला,
ती तिथेच, डाव्या काखेकडे, गोल, हट्टी.
बहुतेक साधीच असणार.
वाक्य मला पाठ आहे.
पण 'बहुतेक'मध्ये राहायला जागा किती कमी,
ते तपासणीच्या तारखेपर्यंतच्या नऊ दिवसांत कळलं.
एक अख्खं आंबट पोतं मी चांगलं म्हणून पुढे धाडलं.
आईला फोन केला
आणि तिच्या गळक्या नळाबद्दल बोलत राहिले.

मग अंधारी खोली, थंड जेल,
पडद्यावर काळं तळं, काठ स्वच्छ.
"पाणी आहे," बेंचिच म्हणाल्या. "दुखतंय तर काढू?"
मी छताकडे बघितलं. तिथेही ओल होती.
सिरिंजमध्ये आलं ते पिवळट,
त्याच पत्तीच्या दुसऱ्या चहासारखं.
सवयीनं मी रंगाला मनात नंबर दिला.
त्यांनी बोळा उचलला तेव्हा
बोटांना काही सापडलं नाही.
उरली ती मनाशी बांधलेली, खूणगाठ:
पुढच्या वेळी आईला नळाबद्दल बोलायचं नाही.

परतताना लिव्हियोकडे थांबले.
एक काळी, छोट्या कपात.
थुंकली नाही.

गुरुवारी उजवीकडे नवीन, मसुरीएवढी,
आणि पुन्हा ती ओली वाळू.
आलेन्का फ्रिजपाशी दूध शोधत होती.
म्हटलं, आहेसच तिथे तर आज एक ठिपका काढ.
तिनं पेन्सिल उचलली, वळून बघितलंसुद्धा नाही:
"लहान की मोठा?"