पाण्याचा सातबारा

चौतीस वर्षं मी शेतांच्या हद्दी मोजल्या,
भूमिअभिलेख, तालुका शिरपूर.
वीतभर काळ्या मातीसाठी
सख्ख्या भावांच्या हातात कुऱ्हाडी पाहिल्या.
पाणी मोजायला कुणी बोलावलं नव्हतं.
पाण्याला सातबारा नसतो, असंच वाटायचं.

निवृत्तीनंतर नगरपालिकेच्या तरणतलावावर बोलावणं आलं.
महासंघाचं पत्र होतं:
'तलावाची लांबी प्रमाणित करून पाठवावी,
अन्यथा कु. चंदना वाडेकर हिची वेळ
नोंदीस ग्राह्य धरता येणार नाही.'
वाडेकर नाही, वाडीले. सावळद्याच्या भोयांची.
आजा तापीत नाव चालवायचा.
ही पुलाखालून पलीकडं जायची, डांगरांच्या वाड्यांपर्यंत,
तिथं कुणी घड्याळ लावून उभं नसायचं.

इथं तिनं शंभर मीटरची जुनी नोंद
सहा शतांश सेकंदांनी मोडली.
म्हणजे किती, मी तिच्या सरांना विचारलं.
चार बोटं पाणी, ते म्हणाले.

वैशाखाची दुपार. तलाव उपसलेला.
फितीच्या एका टोकाला मी,
दुसऱ्या टोकाला चंदना, अनवाणी, पाय आलटूनपालटून उचलत.
चोवीस मीटर सत्त्याण्णव.
पुन्हा. चोवीस सत्त्याण्णव.
मग दिसलं, ठेकेदारानं जुनी फरशी न काढताच
वर नवी बसवली होती.

नगरसेवक जवळ आले. 'आण्णा, गावची पोर आहे,
तीन बोटं इकडं की तिकडं.'
हे वाक्य मी चौतीस वर्षं ऐकलंय,
प्रत्येक बांधावर, प्रत्येक वेळी चहा पाजून.

पत्राच्या पाठीवर हिशेब केला:
चार फेऱ्या, बारा सेंटिमीटर.
तिच्या वेगानं सात शतांश.

कुठल्याशा शहरात, पंख्याखाली,
कोरड्या कपड्यांतली माणसं बसलेली असतील.
नाव धड लिहिता येत नाही त्यांना.
फरशी फोडायला पैसे पाठवणार नाहीत.
पण मीटर तेवढा त्यांनी राखलाय.
उद्या कुणी लबाड तलावात
चंदनाची नोंद मोडायला निघालं,
तर हेच पत्र तिथं जाईल.

हे तिला सांगायचं होतं.
ती म्हणाली, 'पानी ते तेच व्हतं ना, आण्णा?'

मी चोवीस सत्त्याण्णव लिहिलं. खाली सही.
वाडेकर खोडून वाडीले केलं.

फीत गुंडाळायला लागलो,
तर तिनं तिचं टोक सोडलं नव्हतं.
'आते तापी मोजा.'

फीत तीस मीटरची होती.