तीट

परळच्या लॅबमधलं बर्फाचं मशीन बुधवारी बंद पडलं,
तेव्हा तांडेलमामा वरळी कोळीवाड्यातून
थर्माकोलच्या पेटीत बर्फ घेऊन आले.
बर्फाला बोंबलाचा वास.
त्यात मी एन्झाइमची कुपी खोचली,
बोटाच्या पेराएवढी, माझ्या अर्ध्या पगाराची.

याला काम एकच येतं.
डीएनएच्या हजारो अक्षरांत एक शब्द हुडकायचा,
टी जी ए टी सी ए,
आणि तिथं कापायचं.
समोरच्या धाग्यावर, पलीकडून वाचत आलं
तरी तोच शब्द.
शाळेत वहीच्या कडेला आम्ही
रामाला भाला मारा
लिहायचो, दोन्हीकडून वाचायचो, तसं.

तीन दिवस कापलं नाही त्यानं.
पन्नास अंशांवर तासभर, दोन तास, मग अख्खी रात्र.
जेलमध्ये निळा रंग पुढं पळायचा
आणि अतिनील दिव्याखाली
तोच न तुटलेला पट्टा, नारिंगी, मख्ख.
मी बफरला बोलले, विजेला बोलले,
स्वतःच्या हातांना तर काय काय बोलले.
मामांना नाही बोलले. पण कळलं असावं,
शनिवारी त्यांनी बर्फ धुऊन आणला.

कॅटलॉगच्या शेवटी, मुंगीएवढ्या टायपात उत्तर होतं.
ज्या जिवाणूत हा डीएनए वाढला
तो त्यातल्या 'ए'वर खूण करून ठेवतो:
एक कार्बन, तीन हायड्रोजन.
गालावरची तीट.
कातर येते, शब्द ओळखते,
तीट बघते
आणि मुकाट पुढं जाते.

फ्रीजरच्या तळाशी दुसरा एक जिवाणू होता,
तीट लावायचं न येणारा.
त्याच्या घरी धाडला डीएनए, दोन रात्री वाढू दिला,
कोऱ्या गालानं परत आणला.

मंगळवारी, साडेचारच्या सुमाराला,
दोन पट्टे.
वरचा जाड, खालचा पुसटसा, पण होता.
मी टेबलावर थाप मारली.
मग गॉगल काढून जरा वेळ तशीच बसले.
कुणाचं तरी पोर
मीच पुसून-पासून उन्हात नेऊन ठेवल्यासारखं वाटलं.
असं काही वहीत लिहायचं नसतं.
वहीत लिहिलं: पचन पूर्ण.

मामा रिकामी पेटी न्यायला आले.
"झाले का तुकरे?"
झाले, म्हटलं.
"मंग जोरायचे कवा?"
उद्या, मामा.
उद्या सोळा अंशांवर, रात्रभर.
बर्फ लागेल.