दर खोलीमागे

काउंटीचं पत्र आलं, खिडकीच्या पाकिटातून:
यंदापासून दर खोलीमागे अडतीस डॉलर,
अँब्युलन्ससाठी. कारण पडतात ते पाहुणे.
गावातली माणसं आपापल्या घरी शिस्तीत मरतात.
(असं लिहिलं नव्हतं. अर्थ तोच.)

चौदा खोल्या. सहा नंबरचं छत गळतं,
तिथे दोन वर्षं फक्त एक बादली मुक्कामाला आहे.
तिचेही अडतीस.
एक नंबरात मी राहते. माझेही.

कोर्टहाउसच्या तळघरात गेले.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
हे जमेल तसं इंग्रजीत सांगितलं.
मिसेस ओडेगार्डने चष्मा वर केला:
कोंबड्यांचं लायसन्स पलीकडच्या खिडकीवर.

मागच्या बाकावर व्हर्न.
टायरचं दुकान त्याचं, अँब्युलन्सही तोच चालवतो, बिनपगारी.
नखांत ग्रीस.
म्हणाला, गाडीचं इंजिन बसत आलंय, बाई.
मग मला भांडताही येईना.
चेक लिहिला. पाचशे बत्तीस.

मार्चमध्ये, पहाटे तीनला, नऊ नंबरातून फोन.
ड्वेन. रँचवर कुंपणं घालतो, महिन्याच्या बोलीवर राहिलेला.
पलंगाच्या कडेला बसला होता,
डावा हात उजव्या हातात धरून,
जणू दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिलाय.

अकरा मिनिटांत व्हर्न आला, पायजम्यावर जॅकेट.
लाल दिवा बर्फावरून फिरत राहिला,
उभ्या ट्रकांवरून, माझ्या 'रूम्स आहेत' पाटीवरून.

ड्वेनने विचारलं, कितीला पडेल?

मी म्हटलं, भरलेत. तुझ्या खोलीचे अडतीस.
व्हर्न बुटांकडे बघत म्हणाला,
ते गाडी दारात यावी म्हणून.
आत बसायचे वेगळे.
बिलिंग्ज सत्तर मैल.

मग ड्वेनला एकदम बरं वाटायला लागलं.
व्हर्नने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा कागद पुढे केला.
नकाराची सही. अक्षर सुरेख.

मी माझी जुनी कॅमरी काढली.
तो पुढच्या सीटवर, मांडीवर माझा मोटेलचा टॉवेल.
आम्ही हवेबद्दल बोललो.
आणि आरशात, सत्तर मैल,
दिवा विझवलेली, रिकामी,
व्हर्नची अँब्युलन्स.
पेट्रोल कुणाच्या खात्यावर, मी विचारलं नाही.

दुपारी परतले.
बर्फ वितळला होता.
सहा नंबरची बादली
भरून वाहत होती.