जिन्यातला पॉइंट

"बाबालाल, तेवढं येऊन जा," असा फोन आला
शुक्रवार पेठेतल्या शिरगुप्प्यांचा.
कुठल्या शिरगुप्प्यांचा, ते विचारावं लागतं.
घर एक, मीटर दोन.

एक्क्याण्णव साली या घरात मीच वायर ओढली.
तीन-बावीसची, तांब्याची,
लाकडी पट्टीवर, वीतभर अंतरानं चाप.
आण्णासो शिडी धरून, बाळासो खालून बॅटरी मारून.
तेव्हा दोघांत मिळून एक लुना होती.

नऊ वर्षांनी मलाच बोलावून
तीच वायर दोघांत तोडून घेतली.
सोपं असतं ते. पक्कड लागते,
आणि फ्यूज काढून खिशात ठेवायचा,
कुणी मधेच परत लावू नये म्हणून.
मग नऊ इंची भिंत आली,
गिलावा दोन्हीकडून, दोन गवंड्यांचा.

आता बाळासोंची श्रुतिका रात्रीची नोकरी करते,
कुठल्या तरी देशातल्या सकाळसाठी.
नेटवाला म्हणाला, खांबावरचा डबा भरलाय, दिवाळीनंतर बघू.
आण्णासोंकडं नेट आहे,
पण भिंतीपाशी आलं की त्याचा जीव जातो.
तेव्हा काकूंनी म्हणे गच्चीवर कपडे वाळत घालताना,
हिच्याकडं नव्हे, चिमट्यांकडं बघून सांगितलं,
"आमच्यातनं घे की."

पोरीनं दोन पांढरे डबे मागवले,
साबणाच्या वडीएवढे.
एक त्यांच्या प्लगात, एक हिच्या,
आणि नेट म्हणे वायरीतनंच येतं,
लाइटीच्या पाठीवर बसून.
मी हसलो नाही.
चाळीस वर्षं टेप गुंडाळत आलो,
वायरीत दुसरं काही शिरू नये म्हणून.
ही म्हणते, शिरू दे चाचा, जागा आहे.

तिच्याकडच्या डब्याचा दिवा लाल.
काढून घातला, फुंकर मारून घातला. लाल.
"मीटर वेगळं असलं की चालत नाही म्हणतात."
म्हटलं, कोण म्हणतंय ते बरोबर म्हणतंय.

मग मी जिन्याकडं बघितलं.

जिना बाळासोंच्या वाटणीचा.
पण तिथला पॉइंट त्या दिवशी मी तोडलाच नव्हता.
पाच वाजून गेले होते, शिडी पोचत नव्हती,
आणि खरं सांगायचं तर हात झाला नाही.
पंचवीस वर्षं जिन्यातला बल्ब
आण्णासोंच्या बिलावर जळतोय.
पुराच्या वर्षी सगळे बोर्ड छातीएवढे वर घेतले,
तेव्हाही त्या वायरीला हातभर जोड दिला
आणि गप्प बसलो.
आण्णासोंना ठाऊक असणार.
पावलीचा हिशेब लागेपर्यंत न झोपणारा माणूस आहे तो.

बल्बच्या बोर्डात पाच अँपिअरचं सॉकेट बसवलं,
डबा खोचला.
लाल.
श्रुतिका नखं खात उभी.
लाल.
वरच्या मजल्यावर कुणी तरी बादली सरकवली.
हिरवा.

डब्याबरोबरची केबल हातभरच,
म्हणून ती आता चौथ्या पायरीवर पाट टाकून बसते,
मांडीवर लॅपटॉप, कानात बोंडं,
इंग्रजीत कुणाची तरी समजूत काढत.
बाळासो अंग चोरून वर जातात.

पैसे मागायला गेलो तेव्हा तिथंच होती.
तेवढ्यात पलीकडं मिक्सर लागला
आणि हिचं नेट अडखळलं.
कानातलं बोंड काढून ही भिंतीकडं ओरडली,
"काकू, पाच मिनिटं!"
मिक्सर थांबला.
थोडा वेळ काहीच नाही.
मग भिंतीतून आवाज आला,
"खोबरं भाजून ठेवलंय गं. झालं की सांग."

मजुरी तीनशे, सॉकेटचे साठ.
आण्णासो दारात येऊन म्हणाले, वायर आमची, पैसे आम्ही देणार.
बाळासो वरून म्हणाले, जिना आमचा.
म्हटलं, ठरवा सावकाश.
पोरीनं पाट थोडा सरकवला.
मी बसलो.