मागचा कोपरा

लाखांदूरच्या अलीकडे, चुलबंदच्या काठी,
उरकुडा वाढयाच्या मांडवात
मी पहिल्यांदा करवत धरली तेव्हा
त्यानं आधी माझ्या वहीचं पान मागितलं.
चौकोन फाडला,
टोकावर टोक ठेवून दुमडला, घडीवर नख ओढलं.
"हा झाला तुहा पंचेचाळीस.
गुण्या हरपला तं हरपू दे,
कागद कुठंबी भेटते."

पेटी करायची होती मिशांची.
मंडईच्या नाटकात धनंजय लांजेवार
पहिल्या अंकात पाटील, तिसऱ्यात दरोडेखोर,
आणि दोन्ही मिशा पिशवीत एकमेकींत गुंतायच्या.
वीतभर लांब, चार बोटं रुंद,
मधे एक पातळ फळी, भांडण नको म्हणून.

साग एकच, मोडक्या बंडीतला.
उरकुड्यानं त्याच्यावर पेन्सिलीनं लिहिलं
एक, दोन, तीन, चार:
लांब, आखूड, लांब, आखूड.
"ह्याच ओळीनं काप.
लाकडाची रेघ कोपऱ्यातून वळली पायजे,
जशी गाय घराकडं वळते,
कोणाले न इचारता."

मी कापलं. आठ तोंडं.
प्रत्येक मला बरोबरच वाटलं.
पहिला कोपरा मिटला, दुसरा मिटला,
तिसऱ्यावर मी त्याच्याकडे पाहून हसलेही.
चौथ्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट.

कुठलं चुकलं, एकेक उलटून पाहिलं.
एकही नाही.
सगळीच, केसाकेसानं.

दुपारी तो जेवायला गेला,
तेव्हा भुसा आणि सरस कालवून
मी फट लिंपली, अंगठ्यानं पुसली.
तो आला, गालात खर्रा.
पेटी दोन तळव्यांत धरून हलकेच दाबली.
लिंपण बाहेर आलं,
कुणी जीभ काढून दाखवावी तसं.

"पोरी, हे घर नोहे सारवाले."

मग दाखवलं:
तिरका ठोकळा, त्याला टेकवलेलं तोंड,
रंधा आडवा निजवलेला.
ढलपी कांद्याच्या सालीसारखी निघाली
तर काढायची, नाही तर थांबायचं.
समोरासमोरच्या बाजू जोडीनं उभ्या करून
वरून बोट फिरवायचं.
डोळा मोठेपणा करतो,
बोट करत नाही.

चार दिवस गेले.
दर वेळी फळी जराशी आखूड,
आणि मला वाटू लागलं
शेवटी मिशाच कापाव्या लागतील.

पाचव्या दिवशी चारी कोपरे मिटले.
सायकलच्या ट्यूबचे तीन वेढे आवळले,
बांबूच्या काडीनं कर्ण मोजले, इकडून, तिकडून,
काडीवर नखाची खूण एकच.

आणि तरी
चौथ्या कोपऱ्यात रेघ जुळेना.
तीन वळणं नीट आलेली गाय
चौथ्या वळणावर
दुसऱ्याच कोणाची.

माझं तोंड पाहून उरकुडा हसला,
त्या अख्ख्या महिन्यात एकदाच.
"काहून व? फळीले बी सुरुवात असते, शेवट असते.
ते दोघं कुठंतरी भेटतीनच.
बिजागरी तिकडं मार."

लांजेवारानं पेटी घेतली,
झाकण दोनदा उघडलं, मिटलं,
पुढच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं,
पन्नास रुपये दिले.
मागं पाहिलं नाही.

आता माझ्याकडे फिरती करवत आहे,
पंचेचाळीसवर खटका पडतो.
पण कोणाचीही पेटी हातात आली
की मी आधी ती पाठमोरी करते.