दुसरं प्रूफ

कादंबरीत अठराशे सत्त्याण्णवची साथ
ओसरतच नाही.
पान चाळीसपर्यंत शनिवार, नारायण, सदाशिव रिकामे;
माणसं पर्वतीपलीकडे माळावर झोपड्या टाकून राहिली
आणि परतायचं विसरली.
पान नव्वदला गोरा साहेब निघून जातो,
कारण सारा भरायला कुणी उरलेलं नाही.

मी फक्त काने, मात्रा, वेलांट्या बघते.
पानाला बारा रुपये, चहा प्रेसचा.
तरी तांबट आळी आली तशी थांबले:
लेखकाने तिथे एकही हातोडा ठेवला नव्हता.
आमचं घर हवं त्या जागी
उंबर, त्याच्या ढोलीत घुबड.
म्हणजे मीही नाही. ठीक आहे.
समासात प्रश्नचिन्ह करून पुढे गेले.

पान दोनशे अकरा. मुठेवर पूल नाही, होडी आहे.
होडी वल्हवणारी म्हातारी, गालात तंबाखू,
उतारूंना शिव्या घालते. नाव ठकु.

आमच्याकडे एक गडू आहे,
टिंबाटिंबांनी नाव घातलेला: ठकू.
पणजोबांची धाकटी बहीण.
कॅम्पात गेली, काखेत गाठ, वय नऊ.
दर दिवाळीला चिंचेने घासतो,
टिंबं झिजत चालली.

लेखकाला हे ठाऊक असायचं कारण नाही.
पूल साथीच्याही आधीचा, तो असा जाईल कसा,
हे खरं तर कळवायला हवं होतं.

पेन्सिलीला टोक केलं.
सतरा ठिकाणी उकार ऱ्हस्व पडला होता.
सतराही ठिकाणी दीर्घ केला.