पहिला दिवस

कागदावर लिहिलंय: दिवस दुसरा ते सहावा, रात्री एक.
पण पहिला कुठला?
मंगळवारी नुसता डाग होता,
कपाच्या बुडाला चहा राहतो तेवढा.
गुरुवारी तोही नाही.

नाट्याहून रत्नागिरीला फोन लावला.
डॉक्टर ऑपरेशनला गेलेत, नंतर करा.
मेडिकलवाल्याने चिठ्ठी उलटीसुलटी केली:
घ्या की आजपासून, काय होतंय.
जाऊ म्हणाली, मी बाई कधी मोजलंच नाही.
तिला तीन.

दामोदर झोपेतही सांगेल
अष्टमीला भांग, पुनवेला उधाण,
जाळं कधी घालायचं, कधी नाही.
माझी पाळी एकदा एकोणतीस, एकदा त्रेसष्ट.
कुठल्या पंचांगात बघू?

शनिवारी रात्री साडेनऊला हाजरा सिस्टरचा फोन,
मागे कुकरची शिट्टी.
"डाग मोजायचा नाही.
नीट सुरू होईल, पॅड लागेल, तो पहिला.
रात्री उशिरा आली तर उजाडेल तो.
आणि दहा दिवसांत नाहीच आली
तर गोळी घेऊ नको. आधी इकडे ये, तपासू.
लिहिलंस? वाच परत."

मी वाचलं, दामोदरच्या वहीतून,
डिझेलच्या हिशोबाखालून.
"उजाडेल तो" पाशी आवाज जरा अडकला.
ती थांबली. मग म्हणाली, हं, बरोबर.

आज बुधवार. अजून नाही.
खाडीचं पाणी फिरलं, होड्यांनी तोंडं वळवली.
गोळ्या फ्रिजवर, पाचच्या पाच.
वहीचं ते पान फाडू नकोस
एवढं त्याला सांगून ठेवलंय.